सगळ्यांना पैसे मिळतात, फक्त वहिनींना नाही

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, तारखा पुन्हा तपासून घेतल्यात. बाकी बोललो तसंच.)

तुम्ही आत्ता बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर ऑफिसात हेडफोन लावून काम करत असल्याचं दाखवत असाल. आजचा भाग जरा वेगळा आहे. एरवी आपण इथे ॲप, पगार, होम लोन असलं काहीतरी बोलतो. आज सरोगसीच्या कायद्यावर बोलायचंय. मी वकील नाही, डॉक्टर नाही. बीटेक करून पुण्यात कोड लिहितो. पण गेलं वर्षभर आमच्या घरात हा विषय चाललाय आणि त्यात कायदा वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण 'तुला इंटरनेटवरचं कळतं.' ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्या दोघींना विचारूनच सांगतोय. नावं आणि गाव सांगणार नाही.

माझी चुलत बहीण, ताई. लग्नानंतर तीन वर्षांनी दिवस राहिले, सगळं नीट चाललं होतं. बाळंतपणात रक्तस्राव थांबेना. बाळ राहिलं नाही, आणि ताईला वाचवायला डॉक्टरांना पिशवी काढावी लागली. दवाखान्याबद्दल आमची तक्रार नाही, त्यांनी तिला वाचवलं. पण बत्तिसाव्या वर्षी तिला कळलं की ती स्वतः आता मूल वाढवू शकत नाही. बीजकोश शाबूत आहेत, म्हणजे बीज तिचं, शुक्राणू दाजींचे, गर्भ त्यांचाच होऊ शकतो. फक्त तो नऊ महिने वाढवायला कूस दुसऱ्या कुणाची तरी लागणार. सरोगसी म्हणजे एवढंच. जी बाई गर्भ वाढवते तिचं स्वतःचं बीज वापरायला आपल्या कायद्यात बंदी आहे, त्यामुळे 'ते मूल तिचंच ना मग' हा नातेवाइकांचा लाडका प्रश्न इथेच संपतो.

आपल्यातल्या बहुतेकांना सरोगसी माहीत आहे ती 'मिमी' बघून. तो हिंदी सिनेमा २०२१ चा, पण मूळ आपला मराठी आहे: समृद्धी पोरे यांचा 'मला आई व्हायचंय', २०११ चा. दोन्हींत परदेशी जोडपं येतं आणि इथली गरीब घरातली मुलगी त्यांच्यासाठी मूल वाढवते. तेव्हा हे खरंच असंच चालायचं. गुजरातमधलं आणंद, हो, अमूलचं आणंद, हे जगभरातल्या जोडप्यांचं ठिकाण झालं होतं. सरोगेट बायका नऊ महिने वसतिगृहात राहायच्या. हातात काही लाख रुपये यायचे, त्यातून कुणी घर बांधलं, कुणी मुलांच्या फिया भरल्या. आणि कायदा? नव्हताच. आयसीएमआरची २००५ ची मार्गदर्शक तत्त्वं होती, पण ती पाळायची सक्ती नव्हती.

गोंधळ व्हायचा तो झालाच. २००८ मध्ये मांजी नावाच्या बाळाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जपानी जोडपं, सरोगसी आणंदला, आणि बाळ जन्मायच्या आधीच नवरा-बायकोचा घटस्फोट झाला. बायको म्हणाली माझा संबंध नाही. बाळाला पासपोर्ट कुठला द्यायचा हे कुणालाच कळेना, शेवटी जपानहून आजी आली. पुढच्याच वर्षी एका जर्मन जोडप्याच्या जुळ्यांचं असंच प्रकरण गुजरात उच्च न्यायालयात. २०१२ मध्ये अहमदाबादमध्ये एका सरोगेट आईचा मृत्यू झाला. त्याच वर्षी परदेशी जोडप्यांसाठी व्हिसाचे नियम कडक झाले, २०१५ मध्ये तर त्यांना सरोगसी बंदच केली. मग २०१६ पासून विधेयक आलं, गेलं, रद्द झालं, पुन्हा आलं, आणि अखेर डिसेंबर २०२१ मध्ये कायदा मंजूर झाला. २५ जानेवारी २०२२ पासून तो लागू आहे.

खरं सांगतो, तेव्हा मला हा कायदा फार बरोबर वाटला होता. पैसे देऊन करायची सरोगसी बंद, फक्त 'परोपकारी' सरोगसी चालू. गरीब बाईची कूस भाड्याने घेणं बंद, यात वाईट काय? २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आपण वाचल्या होत्या. पाळीमुळे खाडा पडू नये म्हणून ऑपरेशन. पैशाची गरज असलेल्या बाईच्या शरीराचं काय होऊ शकतं हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. त्यामुळे बंदीमागची भीती खोटी नाही, हे आधी मान्य करतो. आता पुढचं ऐका.

कायदा मी पहिल्यांदा वाचला तो आमच्या धंद्याच्या सवयीने. म्हणजे फॉर्म भरताना मागून जशा अटी तपासल्या जातात, तसा. लग्न झालेलं जोडपं आहे का? भारतीय आहेत का? बाईचं वय २३ ते ५०, पुरुषाचं २६ ते ५५ आहे का? आधीचं हयात मूल नाही ना, स्वतःचं, दत्तक किंवा सरोगसीचं? (मूल गंभीर आजारी किंवा दिव्यांग असेल तर सूट आहे.) एकट्या बाईला हवं असेल तर ती विधवा किंवा घटस्फोटित हवी आणि वय ३५ ते ४५. अविवाहित बाई, एकटा पुरुष, लिव्ह-इनमधलं जोडपं, समलिंगी जोडपं: यांचा फॉर्म पहिल्याच पानावर अडतो. विधवेला चालतं आणि अविवाहितेला नाही, याचं कारण मला तरी वैद्यकीय वाटत नाही. पण तो वेगळ्या भागाचा विषय.

आता सरोगेट. ती विवाहित किंवा कधीतरी विवाह झालेली हवी, स्वतःचं मूल हवं, गर्भ ठेवायच्या दिवशी वय २५ ते ३५ हवं, आणि आयुष्यात एकदाच ती सरोगेट होऊ शकते. सुरुवातीच्या विधेयकात ती 'जवळची नातेवाईक'च हवी असं होतं. राज्यसभेच्या प्रवर समितीने ते काढायला लावलं आणि त्या जागी 'इच्छुक महिला' आली. वाचताना बरं वाटतं. पण विचार करा, तुमच्या ओळखीत किती बायका आहेत ज्या तुमच्यासाठी फुकट नऊ महिने गरोदर राहतील? संप्रेरकांची इंजेक्शनं, उलट्या, बहुधा सिझेरियन, आणि शेवटी मूल तुमच्या हातात देऊन घरी जातील? मैत्रिणीला विचारायची हिंमत होते का बघा. म्हणजे कायद्याने 'नातेवाईक' हा शब्द काढला, तरी पैशावर बंदी ठेवल्यावर उरतात त्या नातेवाईकच. आणि नात्यातसुद्धा सगळ्या नाही.

आमच्या घरी हे गौरी जेवणाच्या दिवशी झालं. पुरणपोळ्या झाल्या होत्या, पुरुष मंडळी आडवी झाली होती. मी मोबाइलवर कायद्यातल्या अटी मोठ्याने वाचून दाखवत होतो: विवाहित, स्वतःचं मूल, पंचवीस ते पस्तीस. काकू म्हणाली, "मग आपल्या घरात आहेच की."

सगळ्यांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी म्हणजे ताईच्या सख्ख्या भावाची बायको. वय एकतीस, एक मुलगा, दुसरीत. त्या ताटं उचलत होत्या. दादा म्हणाला, "ती नाही कशाला म्हणेल?" वहिनी म्हणाल्या, "बघू." आणि ताटं घेऊन आत गेल्या. आमच्या घराने त्या 'बघू'चा अर्थ 'हो' असा लावला. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पण खूश झालो होतो, हे लपवत नाही. मलाही वाटलं, सुटला प्रश्न.

पुढचे दोन महिने मी कागद जमवत होतो. कुणाला गरज असेल तर थोडक्यात सांगतो. आधी जिल्हा वैद्यकीय मंडळाकडून दाखला, की या बाईला खरंच सरोगसीची गरज आहे. या मंडळाच्या वर जिल्हा शल्यचिकित्सकांसारखे अधिकारी असतात आणि सोबत तज्ज्ञ डॉक्टर. मग प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून आदेश, की जन्मणाऱ्या बाळाचे पालक हेच आणि ताबा यांचाच. मग सरोगेटसाठी ३६ महिन्यांचा विमा, जो जोडप्याने काढायचा. सरोगेटचा शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा दाखला. तिची लेखी संमती, तिला समजणाऱ्या भाषेत, धोके समजावून सांगून. गर्भ ठेवण्याआधी ती संमती मागे घेऊ शकते. आणि तिच्या लेखी संमतीशिवाय गर्भपात करता येत नाही, त्यालाही वर परवानगी लागते. हे सगळं असायलाच हवं, आणि यातलं बरंच आधी नव्हतं. कायद्याला नुसत्या शिव्या घालणाऱ्यांनी हा भाग विसरू नये.

या सगळ्या कामांचे पैसे मोजावे लागतात. डॉक्टर, प्रयोगशाळा, गर्भ गोठवून ठेवण्याचं दरवर्षीचं भाडं, वकील, स्टॅम्प पेपर, विमा कंपनी. ताई आणि दाजींनी एफडी मोडली. मी एका एक्सेल शीटमध्ये खर्च टाकत होतो. दिवाळीनंतर त्या शीटमध्ये एक ओळ घालायला वहिनींना फोन केला, की तुमचा प्रवासखर्च किती धरू. तेव्हा त्या पहिल्यांदा नीट बोलल्या.

"भाऊजी, एक विचारू? शिलाईचं काय?"

वहिनी ब्लाउज शिवतात. घरीच मशीन आहे, पिको-फॉल पण करतात. लग्नसराईत रात्री दोन-दोनपर्यंत मशीन चालू असतं. दादाचा पगार वेळेवर होत नाही, त्यामुळे मुलाची फी, किराणा, बचत गटाचा हप्ता हे सगळं त्या मशीनवर चालतं. त्या म्हणाल्या, "माझ्या पोराच्या वेळी शेवटचे चार महिने पायांवर सूज होती, मशीनवर बसता आलं नाही. एकदा गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं की परत येत नाही. तेव्हा ते माझं बाळ होतं. आता मी सहा-आठ महिने मशीन बंद ठेवलं तर तेवढे पैसे मिळतील का? जास्त नको, बुडाले तेवढेच."

मी म्हणालो, मिळतील की, न मिळायला काय झालं. आणि मग कायदा पुन्हा उघडला.

परोपकारी सरोगसीची व्याख्या अशी आहे: सरोगेटला कुठल्याही प्रकारचा मोबदला, फी, खर्च किंवा आर्थिक प्रलोभन द्यायचं नाही. अपवाद तीनच: वैद्यकीय खर्च, विमा आणि नियमांनी ठरवून दिलेले इतर खर्च. आता 'इतर खर्च' म्हणजे काय? २०२२ चे नियम मी दोनदा वाचले. बुडालेल्या कमाईचा त्यात मला उल्लेखही सापडला नाही. आणि पैसे देऊन सरोगसी केल्याची शिक्षा बघा: जोडप्याला पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. दवाखाना, दलाल यांना दहा वर्षांपर्यंत आणि दहा लाखांपर्यंत. ब्लाउजच्या शिलाईसाठी एवढी जोखीम कुठला वकील घ्यायला सांगेल? आमच्या वकिलांनी सरळ सांगितलं, "एक रुपयाही खात्यावर टाकू नका." या सल्ल्याचे पैसे मात्र त्यांनी जीपेवर घेतले.

मला खटकलं ते हे. त्या एक्सेल शीटमध्ये चौदा ओळी आहेत. तेरा ओळींसमोर आकडा आहे. जी बाई जीव धोक्यात घालणार तिच्या ओळीसमोर कायद्याने शून्य लिहून ठेवलंय, आणि त्या शून्याला परोपकार म्हटलंय.

आता याहून विचित्र गोष्ट. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांच्या रजेचे नियम बदलले. सरोगसीने मूल झालं तर मूल घेणाऱ्या आईला १८० दिवसांची पगारी मातृत्व रजा. छान. आणि सरोगेट बाई स्वतः केंद्र सरकारी कर्मचारी असेल तर तिलाही १८० दिवस. दोघींना अट एकच, हयात मुलं दोनपेक्षा कमी. म्हणजे आमच्या वहिनी केंद्र सरकारच्या एखाद्या ऑफिसात कारकून असत्या, तर सरोगसीच्या काळातला त्यांचा पगार चालू राहिला असता, आणि त्याला कुणी 'व्यापारी सरोगसी' म्हटलं नसतं. पगार सरकारी तिजोरीतून आला तर तो हक्क, आणि मशीन बंद पडल्याचे पैसे नणंदेने दिले तर गुन्हा. मी हे दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "मग तुझ्या वहिनीला पोस्टात लावू का?" हसलो आम्ही. पण उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आणि हे काही मी शोधून काढलेलं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने तेव्हाच्या विधेयकावर अहवाल दिला होता, १०२ वा अहवाल. त्यात हेच सगळं आहे. समितीचं म्हणणं होतं की फुकट सरोगसीचा आग्रह सोडा आणि भरपाई देणारी पद्धत आणा: बुडालेली मजुरी, तिच्या स्वतःच्या मुलांना सांभाळण्याची सोय, समुपदेशन, आहार, बाळंतपणानंतरची काळजी. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते असं की, आपल्या कुटुंबांत बायकांची ताकद सारखी नसते, घरच्यांनी मागितलं तर प्रत्येकीला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे नात्यातली फुकट सरोगसी ही पैशाच्या सरोगसीपेक्षाही जास्त शोषण करणारी ठरू शकते. हे वाचताना मला काकूचं 'आहेच की' आठवलं. खासदारांच्या समितीने ही गोष्ट आमच्या घरात घडायच्या कितीतरी आधी लिहून ठेवली होती. २०२१ च्या कायद्यात भरपाई आली नाही.

तुम्ही म्हणाल, भरपाईचं दार उघडलं की मागून व्यापार आलाच. येऊ शकतो. 'बुडालेली मजुरी' या नावाखाली दहा लाख देणारे निघतील. पण त्यावर उपाय जगात करून बघितलाय. इस्रायलमध्ये १९९६ पासून कायदा आहे. तिथे सरकारने नेमलेली समिती प्रत्येक करार तपासते आणि सरोगेटला तिचा वेळ, त्रास आणि बुडालेलं उत्पन्न यासाठी दरमहा पैसे देता येतात. ब्रिटनमध्ये व्यापारी सरोगसी नाही, पण 'वाजवी खर्च' देता येतो. आपल्याकडे तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आधीच लागतो. त्याच आदेशात भरपाईचा आकडा लिहा, पैसे थेट सरोगेटच्या खात्यात जाऊ द्या, दवाखान्याचा त्यात हात नको. यासाठी संसदेत नवा कायदाही लागणार नाही असं मला वाटतं, कारण 'ठरवून दिलेले इतर खर्च' ही जागा व्याख्येत आधीच आहे. फक्त नियमांत ती भरायची आहे.

नियम बदलत नाहीत असंही नाही. मार्च २०२३ मध्ये नियम आला की बीज आणि शुक्राणू दोन्ही त्या जोडप्याचेच हवेत. म्हणजे जन्मतःच गर्भाशय नसलेल्या आणि बीजही तयार न होणाऱ्या बाईला दारच बंद. अशा बायका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये एकीला अंतरिम दिलासा मिळाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला. आता जिल्हा मंडळाने दाखला दिला तर दोघांपैकी एकाचं दात्याकडून घेता येतं.

वयाच्या अटीचंही तसंच. आमच्या क्षेत्रात नवीन सिस्टीम लावताना जुन्या डेटाचं काय करायचं हे आधी ठरवतात, नाहीतर रात्री तीनला फोन येतो. या कायद्याने आधीच गरोदर असलेल्या सरोगेट बायकांसाठी दहा महिन्यांची सोय केली होती. पण ज्यांनी कायदा यायच्या आधी गर्भ गोठवून ठेवले होते आणि ज्यांचं वय आता मर्यादेबाहेर गेलं होतं, त्यांचा विचार केला नव्हता. कोविडमध्ये कितीतरी जणांची प्रक्रिया अर्धवट थांबलेली. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांच्या पीठाने, सांगितलं की अशा जोडप्यांना नवीन वयोमर्यादा मागाहून लावता येणार नाही. पावणेचार वर्षं गेली मध्ये. वयाच्या प्रश्नात पावणेचार वर्षं.

पण एक गोष्ट लक्षात आली का? कोर्टात जातंय कोण? ज्यांना मूल हवंय ती जोडपी. त्यांच्याकडे वकील आहेत, कारण आहे, कळकळ आहे. 'मला माझी बुडालेली मजुरी मिळाली नाही' म्हणून कुठली वहिनी कोर्टात जाणार? ती जाणार कुणाविरुद्ध, नणंदेविरुद्ध?

आमच्या घरी पुढे काय झालं ते सांगतो आणि थांबतो. डिसेंबरमध्ये मी ताईला शिलाईचं सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अरे, मी तिला एकदापण विचारलं नाही रे." त्याच शनिवारी ती एकटी गावी गेली, दाजींना न घेता. दोघी मशीनपाशी बसून तीन तास बोलल्या. ताईने सांगितलं की तुमचा नकार असेल तर तो मी माझा म्हणून घरात सांगेन, डॉक्टरांनी नको म्हटलं असं सांगेन, तुमच्यावर काही येणार नाही. वहिनी म्हणाल्या, "ताई, तुम्ही गौरीच्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते. आता या लग्नसराईच्या ऑर्डरी घेतल्यात. त्या होऊ देत."

म्हणजे हो की नाही, ते मला अजून माहीत नाही आणि मी विचारलेलंही नाही. जिल्हा मंडळाचा दाखला फाइलमध्ये आहे. गर्भ गोठवलेले आहेत, जानेवारीत त्यांचं वर्षाचं भाडं भरलं. वहिनींना पस्तीस पूर्ण व्हायला अजून तीन वर्षं आहेत. आणि काकूने मागच्या आठवड्यात फोनवर विचारलं, "त्या सरोगसीचं काय झालं रे?" मी म्हणालो, ते वहिनींना विचार. तर म्हणाली, "तिला काय विचारायचं त्यात?"